वाल नदीकाठी, एका लोखंडी टोपासाठी

जूनमधला दुसरा शुक्रवार, सकाळ, आभाळ भरलेलं. हजर: मी, मेधा, माझा नवरा विनायक, आणि मागच्या सीटवर एक लोखंडी टोप, लढाईत डोक्यावर घालतात तो. डिकीत जागा उरली नव्हती म्हणून तो सीटवर ठेवला, तर गाडीला वाटलं माणूस बसलाय आणि ती पी-पी करत राहिली. शेवटी मी उतरून टोपाला सीटबेल्ट लावला. नायमेखनला दोन जण भेटायचे होते: विनायकचा लायडनच्या ऑफिसातला सहकारी हेंक, आणि शनिवारी दुपारी आमची मुलगी ईशा. ती तिथल्या विद्यापीठात शिकते.

कापेल आन डेन आयसेल या आमच्या गावातून बाहेर पडून हायवेला लागलो तोवर पाऊस सुरू झाला होता. जोरात नाही. इथला पाऊस जसा सवयीने पडतो तसा, संपायची घाई नसलेला.

कुठे निघालो होतो ते सांगते. या देशात गावोगाव हौशी डच लोकांचे गट आहेत. एरवी कुणी शाळेत शिकवतं, कुणी हेमेन्तेत (नगरपालिकेत) काम करतं, पण उन्हाळ्यातले काही शनिवार-रविवार हे लोक पंधराव्या शतकात जाऊन राहतात. त्या काळचे कपडे, तंबू, जेवण, आणि दुपारी बघ्यांसमोर एक लुटुपुटीची लढाई. हेंक अशा एका गटाचा होपमन (तुकडीचा प्रमुख) आहे. वर्षानुवर्षं तो विनायकला बोलवत होता आणि विनायक हसून टाळत होता.

गेल्या हिवाळ्यात विनायकला कंपवाताचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, सकाळी जास्त. केसाएवढ्या बारीक भागांची यंत्रं आखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या शर्टाची बटणं आता मी लावते. निदानानंतर बरेच दिवस तो त्याबद्दल काही बोलला नाही. मग एका रविवारी चहा पिताना म्हणाला, "हेंकच्या रांगेत एकदा उभं राहायचंय. भाला धरून. हात ऐकतोय तोवर."

मी कारण विचारलं नाही. कागद घेतला आणि काय काय लागेल त्याची यादी करायला बसले.

कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर आमच्या अनुभवाचा उपयोग होईल. सुरुवात तलवारीपासून करू नका, बुटांपासून करा. बाकी बरंच काही गटाकडे उसनं मिळतं, तुमच्या पायाचे बूट मिळत नाहीत. त्यानंतर लिननचा सदरा आणि लोकरीची विजार. चेन, वेल्क्रो, प्लास्टिकचं बटण चालत नाही. जी शिवण दिसते ती हाताची हवी. मी सगळं मशीनवर शिवून ठेवलं होतं, ते बाहेरून उसवून पुन्हा हाताने शिवलं.

भरीव डगला मात्र माझ्या हातातला निघाला. ज्याला चिलखत परवडत नसे तो शिपाई हाच घालून लढे. कापडाचे थरावर थर आणि त्यातून उभा धावदोरा, म्हणजे बाह्या असलेली गोधडीच. गटाचा आग्रह लिनन आणि लोकरीचा, कारण त्या काळी इथल्या साध्या माणसाच्या अंगावर कापूस क्वचितच असे. मी वरून लिनन लावलं आणि आत माझ्या जुन्या सुती साड्या घातल्या. आत कोण बघतंय, असा माझा हिशेब.

छावणी वाल नदीच्या काठच्या कुरणात होती. गाड्या डाइकच्या (पुराच्या बांधाच्या) पलीकडे ठेवायच्या आणि सामान हातगाडीवरून न्यायचं. मी तीन खेपा केल्या. विनायकने टोप डाव्या बगलेत धरला आणि तो कुणाला घेऊ दिला नाही. नदीतून रेतीने भरलेल्या लांबलचक बोटी चालल्या होत्या, पाण्याच्या इतक्या लगत की कडा बुडेल असं वाटावं. पलीकडचा किनारा पावसात पुसला गेला होता.

तंबू जाड सुती कापडाचा. हेंकने एकच सूचना दिली होती: ओल्या कापडाला आतून काही टेकवू नका, टेकेल तिथून गळायला लागतं. मी आमच्या अंथरुणाची वळकटी नेमकी कापडाला टेकवून ठेवली आणि पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत अंथरूण निम्मं भिजलं होतं.

"यादीत नव्हतं का हे?" विनायकने विचारलं.

"होतं. तिसऱ्या पानावर."

"मग पान भिजलं असेल."

त्या दिवशी तो माझ्याशी एवढं तरी हसून बोलला.

जेवणात बार्लीचा पाव आणि एर्टन्सूप (वाटाण्याचं घट्ट सूप). बटाटा, टोमॅटो, मिरची बंद. मी मातीच्या बरणीत ठेचा नेला होता. गटाची चामड्याची कामं करणाऱ्या विल्माने बरणीचं झाकण काढून वास घेतला. साठीची बाई, आवाज खडा.

"हे काय?"

"मिरचीचा ठेचा."

"मिरची अमेरिकेतून आली. आपल्याला अमेरिका अजून सापडलेली नाही."

"मग ही काय आहे ते आपल्याला माहीतच नाही," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला आणि चमचा मागितला. खोकून झाल्यावर म्हणाली, "उद्या बघे यायच्या आत लपव. आणि लपवलीस कुठे ते मला सांग."

शनिवारी सकाळीही पाऊस. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा बरं वाटलं, ते का ते सांगते. त्या काळच्या विजारीला नाडी नसते. ती वरच्या बंडीला चहूबाजूंनी दोऱ्यांनी बांधतात, आणि पाठीकडच्या गाठी कुणालाच आपल्या आपण मारता येत नाहीत. त्यामुळे सकाळी सगळी छावणी एकमेकांना बांधत उभी असते. एक धिप्पाड माणूस हात वर करून उभा होता आणि त्याची बायको दोरी दातात धरून त्याला "पोट आत घे" म्हणत होती. मी विनायकच्या गाठी मारत होते आणि कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं. त्या अर्ध्या तासात तो आजारी नव्हता.

मग टोपाची तपासणी झाली.

प्रत्येक नव्या माणसाने पूर्ण पोशाखात, चामड्याचे हातमोजे घालून, टोपाचं हनुवटीखालचं बकल स्वतः उघडायचं आणि टोप काढायचा. गर्दीत पडलात, गळा आवळला गेला, तर मदतीला कुणी पोचेलच असं नाही. नियम योग्य आहे. मी होपमन असते तर हाच केला असता. घरी आम्ही रोज संध्याकाळी सराव केला होता आणि बहुतेक वेळा जमत होतं. पण उघड्या हातांनी. हातमोज्यांचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

विनायकच्या आधी एका शाळाशिक्षिकेची पाळी झाली. तिने बोलता बोलता टोप काढला. मग विनायक पुढे झाला. डाव्या हाताने पट्टा धरला, उजव्याने बकल शोधलं. बकलची जीभ हलेना. चामडं भिजून फुगलं होतं. मोजा टोपाच्या काठावर टकटक वाजायला लागला, आणि त्याने थांबवायचा प्रयत्न केला तसा जास्तच. आजूबाजूचे लोक मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. हेंक चिखलाकडे बघत उभा होता.

माझा हात पुढे गेला. रोज सकाळी बटणांकडे जातो तसा गेला.

"मेधा," हेंक म्हणाला, "मागे."

मी मागे झाले. विनायकने आणखी बराच वेळ प्रयत्न केला. शेवटी त्याने हात खाली सोडले, आणि हेंकने स्वतःचे हातमोजे काढून ते बकल उघडलं.

"विनायक, हे जमणार नाही," हेंक म्हणाला. इथले लोक वाईट बातमी आधी सांगतात, पाठीवर हात नंतर ठेवतात. "लढाईत पाणी देणारा माणूस लागतो. त्याला टोप लागत नाही. करशील?"

"मेलेल्यांत घे मला. पडायला हात लागत नाहीत."

"मेलेल्यांना टोप आधी लागतो. सगळे त्यांच्या अंगावरूनच पळतात."

विनायकने मान हलवली. ती होकाराची होती हे हेंकला कळायला थोडा वेळ लागला.

तंबूत गेल्यावर तो ओल्या अंथरुणावर बसला.

"तू हात पुढे केलास," तो म्हणाला.

"बकल निघत नव्हतं."

"निघालं असतं."

"कधी?"

"तेच मला बघायचं होतं."

मी कंदील पुसला, जो आधीच पुसलेला होता.

दुपारी छत्र्या घेऊन लोक जमले. डाइकच्या उतारावर रंगीत छत्र्या आणि खाली कुरणात करड्या लोखंडाची रांग, भाले वर, पावसात तंतोतंत सरळ. खांद्याला खांदा लावून इतकी माणसं उभी होती, आणि त्यात एक जागा आमची असायची होती.

विनायक डगला घालून, बोडक्या डोक्याने, मातीचा तांब्यासारखा जग घेऊन रांगेच्या मागे फिरत होता. माझ्या साड्यांनी पाणी पिऊन घेतलं होतं. भिजलेली गोधडी उचलून बघितली असेल त्याला कळेल तो डगला किती जड झाला असेल. चढाई थांबली की तो पुढे जाई आणि जग एकेकाच्या तोंडाला लावी. निम्मं पाणी हनुवटीवर सांडत होतं. सकाळच्या त्या धिप्पाड माणसाने पिता पिता आपला पंजा जगाखाली धरला. विनायकने जग काढून घेतला आणि पुढच्याकडे गेला.

बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी ईशा येऊन उभी राहिली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते; घरात असंच चालतं. विनायक तिच्याकडे चालत आला.

"बाबा, व्हेअर इज युअर हेल्मेट?"

"डोकं गरम होत होतं," विनायक म्हणाला.

त्याच्या कपाळावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे आता विचारू नकोस. फोटोसाठी काढलेला फोन तिने परत खिशात ठेवला. मग तिने दोरीवरून वाकून बापाला मिठी मारली, आणि तिचं जॅकेट पुढून पूर्ण भिजलं.

रविवारी आवराआवर. तंबू ओलाच गुंडाळला; घरी गेल्यावर वाळवला नाही तर बुरशी धरते. विल्मा डगला उचलायला मदत करायला आली आणि उचलल्याबरोबर माझ्याकडे बघत म्हणाली, "आत कापूस."

"कसं कळलं?"

"कापूस पाणी धरून बसतो, लिनन लवकर वाळतं. हा नवऱ्याला थंडीत मारेल. लिननचे जुने तुकडे घाल, जुन्या चादरी."

मग तिने टोप हातात घेतला आणि पट्टा उलटासुलटा करून पाहिला. "बकलच हवं असं कुणी सांगितलंय? मी दोन पट्ट्या करून देते, एकीला फास, दुसरीला हाडाची खुंटी. खाली ओढलं की खुंटी सुटते. बोटं लागत नाहीत, मूठ पुरते. मोज्यातसुद्धा."

"हेंकला चालेल?"

"नियम टोप काढण्याचा आहे, बकलचा नाही. पण मला माप हवं. टोप त्याच्या डोक्यावर असताना, तोंड मिटलेलं, पट्टा हनुवटीखाली जिथे बसतो तिथे खडूने खूण कर आणि पट्टा मला पोस्टाने पाठव. सप्टेंबरच्या छावणीआधी देते." तिने आवाज खाली आणला. "त्यानंतरच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही."

"ते कुणीच सांगत नाही," मी म्हटलं.

परतीच्या रस्त्यावर विनायक झोपला होता, किंवा डोळे मिटून होता. मी गाडी चालवत होते. इथे डिपेंडंट, म्हणजे परावलंबी, व्हिसावर आले तेव्हा बँकेतसुद्धा विनायक माझ्यासाठी बोलायचा. बोलता मला येत होतं, फक्त वेळ लागायचा, आणि तो वेळ त्याला बघवायचा नाही. तेव्हा त्याचा किती राग यायचा ते मला त्या हायवेवर आठवलं. मदत म्हणजे काय ते मला नीट ठाऊक आहे असं मी समजत होते. त्या छावणीत सगळे एकमेकांच्या गाठी मारतात आणि तरी एक बकल असं ठेवतात की ज्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. त्यांच्या मधली रेघ कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, आणि ती दर महिन्याला सरकणार आहे.

घरी आल्यावरची बहुतेक कामं उरकली. तंबू वाळला. डगला उसवला, साड्या धुऊन ठेवल्या, वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून लिननच्या चादरी आणल्या आणि कापल्या. बुटांना चरबी लावली. ठेच्याची एक बरणी विल्माला पाठवली.

खुणेसाठी मी विनायकला दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो "आत्ता नको" म्हणाला. दुसऱ्यांदा मी खडू घेऊनच वरच्या खोलीपाशी गेले. तो पलंगाच्या कडेला बसला होता, हातांत चामड्याचे मोजे, मांडीवर टोप. जुनंच बकल लावत होता आणि उघडत होता. लावणं जमत होतं. उघडणं चाललं होतं. त्याने मला पाहिलं, पण थांबला नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दारात उभी राहिले.

खूण करायची राहिली आहे.