अष्टमीलाच दाखवायची जागा
खाडीच्या चिखलाचा वास आला की मला ठाण्याची ती जागा आठवते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, मी देशावरून आलेला शाळामास्तर, आणि एक जमिनीचा दलाल "नोकरी सोडा, माझ्याबरोबर या" म्हणून मागे लागलेला. गिऱ्हाइकांना तो जागा अष्टमीलाच दाखवायचा; एक-दोनदा मलाही सोबत नेलं होतं. देवाला कधी हात न जोडणारा माणूस तिथी का बघतो, हे मला खटकत होतं. म्हणून पौर्णिमेच्या दुपारी एकटाच गेलो, तर हद्दीचे खुंट पाण्याखाली! मिठागरातली एक बाई हसली, "अष्टमीला भरती कमी, मास्तर. पानी इथवर येत नाय, तवाच तो लोकांना आनतो." शाळा मी सोडली नाही. पण आदल्याच अष्टमीला आमच्या शाळेच्या शिपायानं तिथं प्लॉट घेतला होता. का, तर मास्तर सोबत होते. त्यानं मला कधीच जाब विचारला नाही. मी अजून वाट बघतोय.