वरच्या वस्तीचा शेवटचा नळ

आत्या गेली तेव्हा वरच्या वस्तीत खांदा द्यायला माणसं पुरेनात. ऐन ऊसतोडीचा हंगाम, निम्म्याहून अधिक घरांना कुलपं. मी नगरला कंपनीच्या बैठकीत होतो. आमच्या व्हॉल्व्हमनचा फोन आला, "सायेब, भागाआत्या गेली. वट्ट्यावर बसल्याली, तशीच कलंडली." कुणाला धड काही न सांगता मी उठलो आणि पाथर्डीची एसटी धरली. तिचा मुलगा कारखान्याकडच्या फडावरून संध्याकाळी पोचला. तोवर तिच्याजवळ मी आणि वस्तीतली चार म्हातारी माणसं. मी श्रीरामपूरचा, ख्रिस्ती, तिच्या नात्यागोत्यातला नव्हे. तरी खांद्याला मला कुणी नको म्हटलं नाही... म्हणायला होतंच कोण?

त्या गावची पाणीयोजना ग्रामपंचायत आणि आमची खासगी कंपनी, दोघांनी मिळून चालवायची असा करार आहे. टाकी नि पाइप गावाचे. मोटारी, दुरुस्ती आणि पाणीपट्टीची वसुली आमच्याकडे. भागीदारी हा शब्द कागदावर गोड दिसतो. प्रत्यक्षात मोटार जळाली की गाव कंपनीकडे बोट दाखवी आणि कंपनी गावाकडे. माझ्या आधीचा माणूस तालुक्याच्या ऑफिसात बसायचा. दिवाळीनंतर वस्ती तोडीला गेली की वरचा व्हॉल्व्ह बंद. तिथे आता आहे कोण, असं म्हणून. असायची ती मागे राहिलेली म्हातारी माणसं, आणि ती खालून हंडे वाहायची. सरकारी पैशांतून बांधलेल्या संडासांत सरपण रचलेलं. भागाआत्या त्याच वस्तीतली. बायकांनी तिला पाणी समितीची अध्यक्ष केलं आणि मग कुणाचीच धडगत राहिली नाही.

मी रुजू झालो तेव्हा पहिल्याच बैठकीत तिने खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. "खुर्चीत बसलं की मानूस एक तर कंपनीचा व्हतो, न्हाईतर पंचायतीचा. घोंगडीवर बसा समदे." सरपंच बसले, मीही बसलो, पँटच्या इस्त्रीची वाट लागली. मग तिने अट घातली, "सायबाची खोली वरच्या वस्तीत, शेवटच्या नळावर. सायबाला पानी आलं म्हंजी समद्यांला आलं." मी म्हणालो, तिथे काही सोय नाही. "मंग आमची कुठं हाय?" विषय संपला. खरं सांगतो, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. पण नळ कोरडा गेला की माझीच आंघोळ बुडायला लागली, आणि आठवडाभर रेंगाळणारी दुरुस्ती दुपारपर्यंत उरकायला लागली. तिने गावालाही सोडलं नाही. चोरून घेतलेल्या जोडण्या तिने त्याच घोंगडीवर बसून तोडायला लावल्या, त्यातली पहिली तिच्याच भावकीतली. तो चुलतभाऊ पुढे कधी तिच्याशी बोलला नाही. पाणी टिकतंय म्हटल्यावर एके दिवशी तिने आपल्या संडासातल्या गोवऱ्या भर उन्हात बाहेर काढल्या. शेजारणी आधी फिदीफिदी हसल्या, मग त्यांनीही काढल्या. अशा योजना कशाने यशस्वी होतात, यावर नगरच्या बैठकांत बरीच चर्चा चालते. मी घोंगडीचं आणि शेवटच्या नळाचं सांगतो. लोक माना डोलावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी आत्या पितळी तांब्या घेऊन माझ्या दारात यायची. "सायेब, आलं का?" तिच्या नळाला माझ्या आधी पाणी येई, पण शेवटच्या नळाचं पाणी स्वतः पिऊन पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गंमत म्हणजे पाणी नसायचं त्या दिवशीही ती यायची, तोच तांब्या घेऊन.

"आत्या, आज पाण्याचा दिवस नाही."

"व्हय का? इसरले बगा. आता आलेच हाय तर च्या टाका."

ती चहा प्यायची, माझी बायको श्रीरामपूरहून कधी येणार ते विचारायची, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. वयामुळे विसरते, असंच मी धरून चाललो होतो.

ती गेल्यानंतरच्या बैठकीत सरपंच अवघडून म्हणाले, "सायेब, तुमी आता तालुक्याला राहा. कंपनीचीबी हरकत न्हाई. वस्तीतली मान्सं यीस्तवर वरचं पानी आठवड्यानं सोडू. तिथं आता हाय कोन?"

घोंगडीवर तिची जागा रिकामी होती. कुणी सरकून बसलं नव्हतं.

"मी आहे," मी म्हणालो.

व्हॉल्व्ह बंद झाला नाही.

तिच्या मुलाने तोडीला परत जाताना घराला कुलूप लावलं आणि तो तांब्या माझ्याकडे ठेवला. पाण्याच्या दिवशी माझं बरं चालतं. नळ वाजतो, म्हाताऱ्यांची हंडे-कळशांची गडबड असते, कुणीतरी माझ्यावर ओरडतंही. कोरड्या दिवशी मात्र वस्तीत काहीच आवाज नसतो. ती अशा दिवशी काही विसरत नव्हती, हे मला आता कळतंय... मला एकट्याला तिथे राहायला लावलं ते तिनेच, आणि एकटं सोडलं नाही तेही तिनेच. आज कोरडा दिवस आहे. मी चहा दोघांचा टाकला आहे आणि दार लोटलेलं नाही.