हंसिणीच्या लग्नाच्या अक्षता

माझ्या हातून आजवर एकच लग्न लागलं, आणि ते चुकीच्या मुलीशी लागलं. (माझं स्वतःचं यात धरलेलं नाही. वर्षा हे वाचणार आहे.) नवरा एका परदेशी राज्याचा राजपुत्र, नवरी एका जादूगाराची पोरगी, दोघंही कार्टून, आणि लग्नाचं ठिकाण वालूर, माझ्या सासऱ्यांचं अंगण! त्या भानगडीत माझ्या मेव्हणीचं खरंखुरं लग्न मोडता मोडता राहिलं. आता तिच्या लग्नाला वर्ष झालंय, सगळे हसायला लागलेत, म्हणून सांगायची हिंमत करतोय.

दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको वर्षा आणि आमची सात वर्षांची सई असे तिघं परभणीहून वालूरला गेलो होतो. त्याच दिवशी धाकट्या मेव्हणीला, म्हणजे शीतलला, बघायला चुडाव्याहून पाहुणे यायचे होते. शीतलला मुलगा फोटोतच आवडला होता. तसं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण फोटो आलेल्या दिवसापासून ती घरात विनाकारण गुणगुणायला लागली होती, आणि मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, देवासमोर जादा उदबत्त्या लावायला लागल्या होत्या.

वर्षानं बहिणीला सजवायचं मनावर घेतलं. तास झाला, दीड तास झाला.

"ताई, बस की! भिंतीला चुना लावायलीस का?" आतून शीतलचा आवाज.

"गप बस. फोटोतल्यापेक्षा चांगली दिसायला पायजे का न्हाई?"

शीतल पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा मी दोन मिनिटं ओळखलं नाही. मी! बारा वर्षांचा जावई! पांढरीफेक मुलगी, मान खाली, डोक्यावर पदर. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पाच मिनिटांत आत गेली. पाहुण्यांत तिघं होते: मुलगा माधव, त्याची आई सरूबाई, आणि गाडी चालवायला आणलेला एक भाऊबंद, जो शेवटपर्यंत खाण्याव्यतिरिक्त कशासाठी तोंड उघडायला तयार नव्हता. सरूबाई बाई मोठ्या सावध. "पोरगी बरी हाय," एवढंच म्हणाल्या. "जेवनं झाल्यावर सांगते काय ते."

आता पोहे झाले चारला आणि जेवणं व्हायची आठला. मधले चार तास पाहुण्यांचं करायचं काय? मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सोयाबीनचा भाव सांगितला, कापसावरची बोंडअळी सांगितली, मग विषय संपले. सगळे एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या अंगात आलं.

"मामा, पाव्हण्यांला पिक्चर दाखवू की! माझ्याकडं प्रोजेक्टर हाय!"

हा प्रोजेक्टर मी शिकवणीच्या पोरांसाठी घेतला होता आणि तीन महिने तो कुणाला तरी दाखवायची संधी शोधत होतो. मामांनी कपाटातलं कोरं पांढरं धोतर काढून दिलं. ते गोठ्याच्या दोन खांबांना ताणून बांधलं. पडदा तयार! दिवेलागणीला बघतो तर अर्धी गल्ली पोती, चटया घेऊन हजर. पुढे मामी, त्यांच्याशेजारी सरूबाई, आणि खुर्चीवर केरबातात्या. तात्या म्हणजे गल्लीतले वडीलधारे. सप्ताहात रुक्मिणीचं सैवर, म्हणजे स्वयंवर, लागतं तेव्हा मंगलाष्टकं म्हणायचा मान त्यांचा.

मी झोकात मारधाडीचा पिक्चर लावायला गेलो. नेट गायब! फोन धोतरापुढे धरला, गोठ्यावर धरला, लिंबाच्या फांदीला टांगला. एक काडी येईना.

"पप्पा, माझ्या पेन ड्राइव्हमधी हाय की एक," सई म्हणाली.

तो एक म्हणजे परदेशातल्या जुन्या नृत्यनाट्यावरून काढलेला कार्टून पिक्चर. जादूगार एका राजकन्येची हंसीण करून टाकतो. दिवसा हंसीण, सांजेला पुन्हा मुलगी. एक राजपुत्र तिच्यावर जीव लावतो. सईला तो तोंडपाठ आहे. मी स्वतः तो अकरा वेळा पाहिलाय, म्हणजे अकरा वेळा सुरू केलाय. दहाव्या मिनिटाला राजकन्येला पंख फुटतात आणि अकराव्या मिनिटाला मी घोरायला लागतो.

पिक्चर सुरू झाला. बँड वाजायला लागला, माणसं पायाच्या बोटांवर उभी राहून गिरक्या घ्यायला लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"जावईबापू, बोलंनात का हे?" मामींनी विचारलं.

"नाचाचा पिक्चर हाय मामी. ह्यात बोलत न्हाईत."

"समदेच मुके?" केरबातात्या हळहळले. "आन् त्या पोरीला टाच टेकवायला काय झालंय? काटा मोडलाय का?"

गल्ली चुळबुळायला लागली. जावयाची इज्जत जायची वेळ आली. मग मी उठलो, धोतराशेजारी उभा राहिलो आणि हातात दंडुका घेऊन गोष्ट सांगायला लागलो. अन् काय सांगू, रंगलं! हंसीण रडली तसा मी आवाज कापरा केला. राजपुत्रानं तिला वचन दिलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. सरूबाईसुद्धा म्हणाल्या, "तुमचे जावई हुशार हायेत." मामींची मान अशी वर गेली! त्या एका वाक्यावर मी थांबायला पाहिजे होतं. पण मी कधी थांबलोय?

अकरावं मिनिट कधीच उलटून गेलं होतं. म्हणजे आता मी जे सांगत होतो ते माझ्या मनाचं होतं.

पडद्यावर राजवाडा आला. झुंबरं, पाहुणे, बँड. राजपुत्र नटूनथटून उभा. दारातून तीच मुलगी आली, तोच चेहरा, बापाच्या हाताला धरून.

"आता हे सैवर!" मी दंडुका वर केला. "राजपुत्र आज लगीन करनार!"

सैवर हा शब्द मी उच्चारला आणि संपलं. सप्ताहात रुक्मिणीचं सैवर आलं की आमच्याकडे नुसतं ऐकत बसत नाहीत. खरं लग्न लावतात. अर्धा मांडव नवरीकडचा, अर्धा नवऱ्याकडचा, अक्षता, मंगलाष्टकं, सगळं! मामी तिरासारख्या उठल्या, आतून सुपात ज्वारी आणली, कुंकू कालवलं आणि मूठमूठ वाटत सुटल्या. केरबातात्यांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली.

"नवरी काळं का नेसलीय?" सरूबाईंनी मध्येच विचारलं.

खरंच, मघाची पांढऱ्या झग्यातली मुलगी आता काळ्या झग्यात होती. मला काय माहीत!

"फॅशन हाय मावशी. त्यांच्यात असंच असतंय."

"पप्पा," सई माझा शर्ट ओढायला लागली. "पप्पा, ऐका ना, ती न्हाई..."

"सई, मोठ्यांच्या मधी बोलू नको."

"पन पप्पा, ती दुसरीच..."

"गप म्हनलं ना!"

राजपुत्रानं छातीवर हात ठेवला, दुसरा हात वर केला. तात्यांनी "सावधान!" अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. साठ मुठी ज्वारी धोतरावर तडतडली. कुणीतरी ताट वाजवलं. मीही दोन्ही हातांनी टाकली.

आणि त्याच क्षणी पडद्यावरचा जादूगार गडगडून हसला. खिडकीबाहेर पांढऱ्या झग्यातली खरी राजकन्या काचेवर हात आपटून रडत होती. आत उभी होती ती जादूगाराची पोरगी, जादूनं तिच्यासारखी केलेली!

"मी कवाची सांगायले," सई म्हणाली. "पप्पा रोज ह्याच्या आधीच झोपतेत."

"आता रं?" मामी कशाबशा बोलल्या. "अक्षता पडल्या की!"

"पडल्या म्हंजे पडल्या," तात्यांनी निकाल दिला. "लगीन लागलं. मोडता येत न्हाई."

"आवो पन ती रडायली बाहेर!"

"रडू द्या. आधी यायला पायजे होतं."

नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे कडाकडा भांडायला लागले. पण माझं लक्ष सरूबाईंकडे होतं. त्या शांतपणे उठल्या आणि पदर खोचला.

"दाखवायची एक आन् उभी करायची दुसरी," त्या म्हणाल्या. "आमच्या भावकीत असंच झालं. धाकटी दाखवली, बोहल्यावर थोरली. मी तवाच ठरवलं होतं, नीट बघितल्याबिगर हो म्हनायचं न्हाई. पाच मिंटं बघून काय कळतंय? बोलवा पोरीला. आत्ता, उजेडात."

मामींचा चेहरा पडला. शीतल चुलीपुढून उठून आली. तोंड धुतलेलं, भाकरीचं पीठ कपाळापर्यंत, केस वर बांधलेले. दुपारची मेहनत पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेलेली. सरूबाईंनी तिला बल्बखाली उभं केलं, दुपारी काढलेला तिचा फोटो मोबाइलमध्ये उघडला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"ही ती न्हाई!"

वर्षानं डोळे मिटले. मामा मटकन बसले. आणि अशा वेळी शहाण्या माणसानं तोंड मिटून ठेवावं ना? मी पुढे झालो, मदत करायला!

"मावशी, तसं नका समजू. दुपारची खोटी होती. ही खरी हाय!"

त्या वेळी वर्षानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला अजून कधीकधी जेवताना आठवते आणि घास अडकतो.

"माधव, ऊठ," सरूबाई म्हणाल्या. "गाडी काढा." भाऊबंद पहिल्यांदाच दुःखी दिसला. स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती आत पळाली नाही. पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले.

"मावशी, जायचं तर जा," ती म्हणाली. "पन जाताना हे तोंड नीट बघून जा. रोज हेच असतंय. दुपारचं ताईनं केलं होतं, माझं न्हवतं. मला तर खाजवायलं होतं नुसतं. आन् मान खाली घाल म्हनले म्हनून घातली. मला मान खाली घालून बसता येत न्हाई, पाठ दुखती."

मला वाटलं, झालं. संपलं. तेवढ्यात माधव हसला. दुपारपासून पहिल्यांदाच.

"आई, त्या राजपुत्रानं नुसतं नाचून बघितलं म्हनून फसला तो. दोन शब्द बोलला असता तर कळलं असतं ना कोन हाय ते? मी पन दुपारी हिच्याशी बोललो न्हाई. नाव-शिक्षण सोडलं तर ही पन त्या पिक्चरमधल्यासारखी मुकीच वाटली. आता बोलायली तर बरं वाटायलंय. धा मिंटं बसू दे."

सरूबाईंनी पोराकडे बघितलं, शीतलकडे बघितलं, मग सईकडे.

"ए बाळे, शेवटी काय होतंय गं पिक्चरमधी?"

"तो माफी मागतो. मग जादूगार हारतो. मग लगीन होतं."

"खऱ्या पोरीशी?"

"हो."

"मग लावा पुढं," म्हणत सरूबाई खाली बसल्या. माधव आणि शीतल ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बोलत बसले. दहा मिनिटांची चाळीस झाली. अंगणात पिक्चर कुणी बघितला नाही, सगळ्यांची तोंडं ओट्याकडे. शेवटी राजपुत्राचं खरं लग्न आलं तेव्हा मामी म्हणाल्या, "ज्वारी संपली. टाळ्या वाजवा." जेवणाआधी सरूबाईंनी होकार दिला, आणि त्या भाऊबंदानं सहा भाकरी खाल्ल्या.

फाल्गुनात लग्न झालं. अंतरपाट म्हणून मामांनी तेच धोतर काढलं, त्यावर कुंकवाचे ठिपके अजून होते. मी सवयीनं एक टोक धरायला पुढे झालो, तर दोन्हीकडचे वऱ्हाडी एका सुरात ओरडले, "जावईबापू, लांब!" मला मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसवलं. सईला राखणीला ठेवलं. तिनं माझ्या हातात मूठभर ज्वारी दिली, माझी बोटं स्वतः मिटली आणि बजावलं, "पप्पा, मी नवरी बघून येते. मी सांगितल्याबिगर टाकायचं न्हाई."

ती गेली ती मैत्रिणींत रमली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, मांडव उठला. मी मूठ मिटून बसून. शेवटी पंगतीत वाढप्यानं वाकून विचारलं, "दाजी, मूठ उघडता का? बुंदी वाढायचीय."

मी म्हटलं, "थांबा. पोरीला विचारून सांगतो."