पुढच्या सीटवर आठ पिशव्या

"वजन किती?"

नमस्कार नाही, नाव-गाव नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी चाळिशीची बाई, एका हातात कागदी प्लेट, दुसऱ्या हातात नऊवारीचा सुटत आलेला काष्टा, आणि इतकी गडबडले की खरं उत्तर देऊन बसले. एकशे अठ्ठावन्न पाउंड. हा आकडा मी नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता, आणि तो शेजारीच उभा होता.

"चालेल," असं म्हणून काका मोदक घेऊन पुढे सरकले.

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळींत काकांचा हा प्रश्न कुप्रसिद्ध होता. नव्या सुना त्यांना पाहून किचनमध्ये पळत. एकदा त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या गुरुजींनाही तो विचारला होता, आणि उत्तर ऐकून खेदानं मान हलवली होती. तुम्हाला वाटेल हा म्हातारा डॉक्टर असेल, नाहीतर चक्रम. डॉक्टर नव्हते.

काकांकडे एक विमान होतं. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं ते आधी पुसून टाका. हे दोन माणसांचं, पिवळं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं आणि माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठं. पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं तिसरं, त्यामुळे जमिनीवर असलं की ते नाक आभाळाकडे करून बसायचं. पाहुणा पुढच्या सीटवर, चालवणारा मागच्या. मागून समोरचं काही म्हणजे काही दिसत नसे. मग काका धावपट्टीपर्यंत जाताना ते नागमोडी चालवत आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून डोकं बाहेर काढून बघत. टाकीत पेट्रोल किती आहे ते सांगायला झाकणातून वर आलेली एक तार होती, तिच्या खाली पेट्रोलवर तरंगणारं बूच. तार खाली बसली की आपणही लवकर खाली बसावं, एवढाच नियम. सुरू करायला बटण नव्हतं, समोरचा पंखा हातानं फिरवायचा. कोणी या सगळ्याला हसलं की काका शांतपणे म्हणत, "विमान जुनं नाही. अनुभवी आहे."

या अनुभवी विमानाला दोन बऱ्यापैकी माणसं जेमतेम उचलवत. म्हणून तो प्रश्न.

मी "चालेल" या वर्गात बसले, त्यामुळे महिन्यातून एखाद्या शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. तासभर गाडी हाणली की गाईंच्या कुरणाशेजारी एक गवताची धावपट्टी आणि पत्र्याचं हँगर होतं. हवेत आम्ही अर्धा तास असायचो आणि जमिनीवर पाच. काका ऑइल बदलत, प्लग घासत, पंखांवर टिचक्या मारून कापडाचा आवाज ऐकत. मी फडकं घेऊन पोटाखालचं ऑइल पुसत बसायची. घरी मी स्वतःची गाडीसुद्धा कधी धुतलेली नाही.

काकांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. काकूंनी एकदा, फक्त एकदा, त्या पुढच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर वर यावं. रिटायर झाल्यावर त्यांनी विमान घेतलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं काकू नाही म्हणत होत्या.

काकूंचं कारण ऐकण्यासारखं होतं. त्या भित्र्या नव्हत्या. हायवेवर त्या ट्रकवाल्यांना मागे टाकत. पण विमानाचं कापड कुठे फाटलं, की काका ते टाके घालायला त्यांना सांगत. त्यावर पट्टी चिकटवायची, रंग लावायचा, मेकॅनिकनं तपासायचं, सगळं रीतसर. काकू कुरकुरत, पण हँगरमध्ये स्टुलावर बसून बारीक टाके घालत. आणि मग म्हणत, "मी शिवलेलं आहे ते. मला माझी शिवण माहीत आहे. मी त्यात बसणार नाही."

दुसरी अडचण वजनाची. साऱ्या गावाचं वजन विचारणाऱ्या या माणसाला बायकोचं वजन ठाऊक नव्हतं. काकूंनी सांगितलं नव्हतं आणि घरातला काटा त्यांनी कधीच देऊन टाकला होता.

एका वसंतात काकांना वाटलं की काकू थोड्या मऊ झाल्यात. ऐन वेळी त्या हो म्हणाल्या तर आपली तयारी हवी. पुढच्या सीटवर तेवढं वजन ठेवून उडण्या-उतरण्याचा सराव करायला हवा. इथल्या लोकांनी वाळूच्या गोण्या घेतल्या असत्या. काका इंडियन स्टोअरमध्ये गेले आणि कोलम तांदळाच्या वीस पाउंडी पिशव्या घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, भंडारा आहे का. काकांनी आठ पिशव्या पुढच्या सीटवर रचल्या, त्यांना पट्टा बांधला आणि त्या तांदळाला घेऊन तीन शनिवार आकाशात फिरले. बोलायचे सुद्धा त्यांच्याशी, हे मी स्वतः ऐकलं आहे. "आता जरा हलेल हं," असं ते सांगायचे.

तिसऱ्या शनिवारी उतरताना विमान दोनदा आपटलं आणि एक पिशवी फाटली. आम्ही व्हॅक्यूम क्लीनर लावून तांदूळ गोळा केला. सगळा निघाला असं आम्हाला वाटलं.

उन्हाळ्यात विमानाची वार्षिक तपासणी आली. मेकॅनिक म्हणजे सहा फुटी, कमी बोलणारे टेक्सन आजोबा. त्यांनी शेपटीजवळची झडप उघडली आणि पाव किलो कोलम त्यांच्या बुटांवर सांडला. पाठोपाठ उंदरांचं एक घरटं आलं. आजोबांनी मूठभर दाणे तळव्यावर घेतले, बराच वेळ पाहिले आणि अतिशय आदरानं विचारलं, हे काही धार्मिक आहे का.

काकांना खोटं बोलता येत नसे. "नाही," ते म्हणाले. "ही माझी बायको."

आजोबांनी हळूच टोपी काढली. ते दाणे त्यांनी स्वच्छ फडक्यावर ठेवले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार वाईट वाटल्याचं सांगितलं. आमच्यात माणूस गेल्यावर असंच काही करत असतील, अशी त्यांची समजूत झाली. काका ते दुरुस्त करायला तोंड उघडणार, एवढ्यात काकू डबा घेऊन दारातून आत आल्या आणि आजोबांना तिखट चालतं का, असं विचारू लागल्या. आजोबा चक्क खाली बसले.

मग सगळी कथा बाहेर आली. काकूंनी ती शांतपणे ऐकली. उंदरांचं, तांदळाच्या नासाडीचं, कशाचंही त्यांना काही वाटलं नाही.

"आठ?" त्या म्हणाल्या. "मी आठ पिशव्या?"

हँगरच्या कोपऱ्यात सामान तोलायचा काटा होता. काकू चपला काढून, सगळ्यांच्या देखत, त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एकशे एक्केचाळीस. "सात पिशव्या आणि दोन वाट्या," त्यांनी जाहीर केलं आणि काकांकडे असं पाहिलं की ते उंदरांच्या घरट्यामागे लपायला जागा शोधू लागले. पण खिशातली वही काढून त्यांनी आकडा लिहून घेतलाच.

त्यानंतर काकांच्या उजव्या डोळ्याची नजर पावसाळी ढगासारखी धूसर होत गेली. अजून चालवण्याइतकं दिसत होतं, पण पुढच्या वर्षी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोणी बंद करायला लावण्याआधी आपणच बंद करावं, असं काकांनी ठरवलं. ओक्लाहोमाचं एक गिऱ्हाईक ऑक्टोबरमधल्या एका रविवारी विमान न्यायला येणार होतं. त्याच्या दोन दिवस आधी काकूंचा मला फोन आला, शनिवारी हँगरवर मीही येतेय म्हणून. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काकू आल्या त्या स्वेटर, स्कार्फ, आवळासुपारीची डबी असा जामानिमा करून, आणि कोणाला काही बोलू न देता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टाही स्वतःच लावला. काका मात्र धावपट्टीच्या कडेला उभे राहून वारा बघत होते. भन्नाट वारा सुटला होता, आणि तोही आडवा. शेपटीला चाक असलेलं विमान अशा वाऱ्यात उतरताना गर्रकन फिरतं, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं. ते तासभर थांबले. वारा हलला नाही. मग ते विमानापाशी आले आणि आज जमणार नाही म्हणाले.

काकू भडकल्या. "मी चारचौघांत वजन सांगितलं ते यासाठी?"

"एकटा असतो तर गेलो असतो," काका म्हणाले.

मला त्या क्षणी तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं, पण त्या मोकळ्या माळावर जायला जागा नव्हती. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या की त्या काही उतरणार नाहीत, काकांनी आत यावं.

दुसऱ्या दिवशी विमान गेलं. काकांना जाऊनही आता दोन वर्षं होतील. मंडळाच्या कार्यक्रमात आता मला कोणीच काही भलतंसलतं विचारत नाही, आणि याचं मला वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. काकांची आठवण आली की मला तो शनिवारच दिसतो.

आम्ही विमान वाऱ्याकडे तोंड करून तीन दोरांनी जमिनीला बांधलं. काका मागे बसले. मी बाहेर, एका पंखाची तिरपी कांब धरून उभी. दोन्ही सीटांसमोर एकेक दांडा असतो आणि ते आतून जोडलेले असतात, एक हलवला की दुसरा हलतो. काकूंनी आपला दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. पंख थरथरत होते.

"अहो, हा काटा चाळीस दाखवतोय," काकू ओरडून म्हणाल्या. "आपण तर इथंच आहोत."

"वाऱ्याचा वेग आहे तो. विमानाला वाटतंय आपण निघालो."

काकूंनी जरा विचार केला. मग दांडा हळूच डावीकडे नेला. मागे काकांच्या मुठीतला दांडाही डावीकडे गेला, आणि उजवा पंख दोराला ताण देत चार बोटं वर उठला. काकांनी आपला हात काढून मांडीवर ठेवला. त्यांना मागून फक्त काकूंचा स्कार्फ दिसत होता.

"कुठं न्यायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसा स्वस्थ," काकू म्हणाल्या. "मी नेते."