दादाचा गुडघाभर ट्रॅक्टर

दादाच्या ट्रॅक्टरचा एकही भाग मारामारीशिवाय घरी आला नाही. साखळी आणली त्या दिवशी त्याची भुवई फुटली होती. मोडक्या मोटारसायकलचे इंजिन आले तेव्हा सदऱ्याला एकच बाही उरली होती. आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचा जोर सांभाळणारे ते जड चाक, काखेत मारून तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात रक्त होते आणि तो हसत होता. "कुसुम, पाणी आण. एक दात गेला. पण चाक पाहून घे, काय चीज आहे!"

दादा माझा थोरला भाऊ. मध्यप्रांताच्या शेवटच्या वर्षांत तो जबलपुरात एका कारखान्याच्या लोहारखात्यात होता, मी मुलींच्या शाळेत शिकवीत होते, आणि वहिनी धरून आम्ही तिघे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मोहल्ल्यात त्याला नावाने कुणी ओळखत नसे. तो सगळ्यांचा घणभैया.

महायुद्ध संपल्यावर भंगाराचे ढीग लिलावात निघू लागले आणि दादाला नाद लागला तो गुडघ्याएवढा, पण खरोखर चालणारा ट्रॅक्टर बांधण्याचा. सरकारी शेतावर त्याने एकदा खरा ट्रॅक्टर पाहिला होता, तेवढेच शिक्षण. स्वतःचे वावर वीतभरही नव्हते. लोक विचारत, "इसका करोगे क्या, भैया?" दादा म्हणे, "चलाऊंगा. और जादा पूछा तो तेरे ऊपर से चलाऊंगा."

कामाची त्याची रीत ठरलेली होती. जो भाग बसत नसे त्याला आधी शिवी, मग लाथ, मग कानस. वहिनीवर किंवा माझ्यावर त्याने कधी हात उगारला नाही. पण भिंतींचे पोपडे आणि ताटांचे पोचे पाहिले की घरात काय चालते ते पाहुण्यांना सांगावे लागत नसे. महिन्याच्या सामानाच्या यादीत मी गूळ, तेल, मिठाखाली टिंक्चर आयोडीन लिहून टाकी.

पहिल्यांदा तो ट्रॅक्टर चालला तो दिवस मात्र सणाचा होता. दादाने मागे एक जाड फळी बांधली आणि वहिनीला हुकूम सोडला, "बस." वहिनी म्हणाली, "मी काहून? दगड ठेवा ना." "दगड हसत नाही," दादा म्हणाला. धूर सोडत, ठसके देत त्या शेळीएवढ्या यंत्राने वहिनीला विहिरीपासून चिंचेपर्यंत ओढत नेले. ती तोंडाला पदर लावून हसत होती. दादाला आनंद आवरेना, तेव्हा त्याने चिंचेलाच एक गुद्दा हाणला आणि बोटे सोलून घेतली.

त्याच पावसाळ्यात त्याने मुकादमाच्या कानशिलात दिली. मुकादमाने ट्रॅक्टरला खेळणे म्हटले होते. साहेबाने दादाला बोलावून स्पष्ट सांगितले की मारामारीची आणखी एक तक्रार आली तर नोकरी जाईल आणि क्वार्टरही. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. तिने दादाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली, आता कुणावर हात टाकायचा नाही. शपथेनंतर दादा रस्त्याने चालताना हात पाठीमागे बांधून चाले. बघणाऱ्याला वाटे, याला कुणी पकडून नेत आहे.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे पूजेला बसतात आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. दादाने घण, हातोड्या, कानशी, सांडशी धुऊन पाटावर मांडल्या. शेजारी झेंडूची माळ घालून ट्रॅक्टर. आरती झाली आणि दारात मुन्ना पहेलवान उभा राहिला. बडा फुहारा चौकामागच्या भंगारवाल्याचा हा पुतण्या. फ्लायव्हीलसाठी दादाने दात घालवला तो याच्याच हातून, आणि याचे नाक फोडले होते ते दादाने. बरोबर लाठ्या घेतलेले दोघे होते.

"पूजा हो गई, पंडितजी? अब हमारा पहिया निकालो."

"आज हात नहीं लगेगा. कल आना."

"आज ही आए हैं. सुना है, भाभी ने तुम्हारे हाथ बांध दिए हैं."

दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या. पण हात पाठीमागेच राहिले. मुन्ना वळला तसा दादा ट्रॅक्टरवर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी त्याने यंत्राला मिठी मारली. मग लाठ्या सुरू झाल्या. पाठीवर, खांद्यावर, मांड्यांवर. तो एकदाही उलटला नाही. नुसता शिव्या देत राहिला, मग शिव्याही थांबल्या. झेंडूची फुले लाल झाली. मी मुन्नाच्या दंडाला लोंबकळले, त्याने मला भिंतीवर फेकले. मी ओरडत होते, "दादा, सोड ते!" तो सोडीना.

तेवढ्यात वहिनीने पाटावरचा घण उचलला. हळदीकुंकू लावलेला, आजच्या दिवशी न उचलायचा घण. पाचव्या महिन्यातली ती बाई पाय रोवून उभी राहिली. मुन्नाची माणसे मागे सरली. त्यांना वाटले, ती आता डोकी फोडणार. ती दादाला म्हणाली, "बाजूला व्हा." तिचा आवाज ऐकून दादा खरेच बाजूला सरकला. आणि वहिनीने ट्रॅक्टरवर घण घातला. पुन्हा घातला. बिडाचे तुकडे उडाले, नळ्या वाकल्या, एक चाक अंगणभर घरंगळले. फ्लायव्हील सुटून पडले तेव्हा ती मुन्नाला म्हणाली, "ले जा. अब यहां कुछ नहीं है, जिसके लिए तू मारे."

मुन्नाने चाक उचलले आणि खाली मान घालून गेला. दादाचा एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्याने तो वहिनीकडे पाहत होता. "घण असा धरतात का, वेडे?" तो कसाबसा म्हणाला. "मनगट मोडलं असतं."

कारखान्यात चौकशी झाली. सगळा मोहल्ला साक्षीला आला की घणभैयाने बोटसुद्धा उचलले नाही. नोकरी राहिली, क्वार्टर राहिले, पुढे मुलगी झाली. पण दादाने पुन्हा ट्रॅक्टर बांधला नाही. वहिनीच म्हणायची, "बांधा ना आता, मी काही नाही म्हणत." एकदा तो म्हणाला, "नको. पुन्हा तुझ्याच हातानं तोडावा लागला तर?" मग तो विषय घरात निघेनासा झाला.

दादा जाऊन आता बरीच वर्षे झाली. लोक त्याच्या मारामाऱ्या सांगतात. मला जबलपूरबाहेरच्या पनागर गावाजवळची एक सकाळ आठवते. आम्ही ताजी भाजी आणायला गेलो होतो. रस्त्याकडेच्या शेतात कुणाचा तरी नवा, खरा ट्रॅक्टर रुतला होता आणि चालवणारा इंजिन नुसते रेटत होता. आत काहीतरी कडकड वाजत होते. दादा तिकडे ओढ घेऊ लागला. "मारून टाकील हा हरामखोर! इंजिन मारून टाकील!" वहिनीने एका कडेवर पोरीला घेऊन दुसऱ्या हाताने त्याच्या सदऱ्याचे टोक घट्ट धरले होते. पुन्हा कडकड झाले. तिने दादाच्या तोंडाकडे पाहिले आणि टोक सोडले.

"जा," ती म्हणाली. "पण हात खिशात घालून जा."

आणि दादा दोन्ही हात खिशात कोंबून, तोंडाने अखंड शिव्या देत, ढेकळांतून ठेचकाळत त्या ट्रॅक्टरकडे धावत सुटला.