तुमची उणीव भासली

त्या प्रदर्शनाला मी हजर होते, याचा पुरावा माझ्याकडे आहे. चांगला रंगीत, जाड कागदाचा, दोन सह्यांचा, माझं नाव चुकीचं छापलेला. तो कपाटात साड्यांच्या खाली पडला आहे. आमचे हे हजर होते, याचा पुरावा मात्र कुठेच नाही.

मी तिथे काय केलं ते सांगते. पायांना मालिश करणाऱ्या एका यंत्रात पाय घालून वीस मिनिटं बसले, फुकटचे दोन समोसे खाल्ले आणि खुर्चीत बसून डुलकी काढली. दोन दिवस सहाच्या सहा वर्गांना बसून वहीत आकृत्या काढणारा माणूस गैरहजर, आणि समोसे खाणारी बाई हजर. वर्ष होत आलं, तरी हे लिहिताना माझं अक्षर बिघडतं. रागाने. घरच्यांना वाटतं, शुगरने.

आमचं दुकान हैदराबादला कोठीत, दवाखान्यांच्या गल्लीत. कुबड्या, वॉकर, कमरेचे पट्टे आणि व्हीलचेअर. सुखात असलेला माणूस आमच्या दुकानाकडे बघतसुद्धा नाही. ह्यांचं गाव नांदेडकडचं, घर शेतकऱ्याचं. लहानपणी विहिरीवरचं इंजिन खोलून जोडायचे, तीच हातोटी इथे व्हीलचेअरला लागली. गल्लीच्या तोंडाशी एखादी खुर्ची कुरकुरत आली की हे गिऱ्हाइकाशी बोलता बोलता म्हणतात, "डावं चाक. बेअरिंग गेलं." आणि तेच निघतं. वीस वर्षं हेच चाललं आहे.

ज्या कंपनीच्या खुर्च्या आम्ही जास्त विकतो, तिचं पत्र आलं. यापुढे वॉरंटीतल्या खुर्च्यांची दुरुस्ती फक्त ‘अधिकृत सेवा केंद्र’ असा बोर्ड असलेल्या दुकानात होणार. आणि बोर्ड मिळणार माधापूरकडच्या मोठ्या हॉलमध्ये भरणाऱ्या दोन दिवसांच्या प्रदर्शनात, तिथले सहाही वर्ग पूर्ण करणाऱ्याला. प्रत्येक वर्गाच्या दारात गळ्यातलं बॅज मोबाइलने स्कॅन होईल, तीच हजेरी. ह्यांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग दुकानातलं कॅलेंडर काढून दुसऱ्या भिंतीवर नेलं आणि मोकळ्या जागी दोन स्क्रू ठोकून ठेवले. बोर्ड यायच्या आधीच. मी हसले होते तेव्हा.

फॉर्म लेकीने भरला. ती इथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे; इंग्रजी पळत वाचते आणि मराठी अनवाणी खडीवरून चालल्यासारखी. आठ दिवसांनी नल्लकुंट्याच्या घरी कुरिअरने बॅज आलं: जाड कार्ड, प्लास्टिकचं पाकीट, निळी नाडी.

आता माझी करामत ऐका. आमच्या घरात नवीन वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागतं. फ्रीजला लागलं, स्कूटरला लागलं, लेकीच्या लॅपटॉपला कॅमेऱ्याशेजारी लागलं. बॅजला का सोडायचं? एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं. ते देवापुढे ठेवलं आणि विचार केला, लावू कुठे? नावावर नको, अक्षर पुसेल. फोटोवर तर नकोच, फोटोला कुंकू लावलं की माणूस गेलेला दिसतो. राहिला खालचा काळा-पांढरा चौकोन. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मला तो ठिपक्यांच्या रांगोळीसारखा वाटला. देवापुढे रांगोळी असतेच, म्हटलं बरोबर जागा आहे. एका कोपऱ्यावर हळद, दुसऱ्या कोपऱ्यावर ओलं कुंकू, जरा ठसठशीतच, आणि वाळायच्या आत कार्ड पाकिटात सरकवून दिलं. अक्कल पाजळायची ती अशी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते खुशीत. दारात काळ्या टी-शर्टातला एक दाढीवाला गृहस्थ मोबाइल घेऊन उभा होता म्हणाले. त्याने ह्यांच्या छातीवर मोबाइल दोनदा धरला, तिसऱ्यांदा हलवला आणि म्हणाला, "नेट नै आरा अंकल, जाओ तुम." मागे रांग होती. पुढच्या दोन्ही वर्गांच्या दारात तेच. नेट नै आरा, जाओ. हे गेले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. शिकवायला आलेल्या माणसाने नमुन्याची खुर्ची उतारावर ठेवली, ब्रेक लावला, आणि खुर्ची आपली घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आली. पुन्हा लावला, पुन्हा आली. लोक हसायला लागले. हे उठले, खिशातला पाना काढला (आमचे हे लग्नालासुद्धा पाना खिशात घालून जातात), फरशीवर मांडी घातली आणि दोन मिनिटांत ब्रेक बसवून दिला. त्या माणसाने ह्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. हे सांगताना ह्यांनी पोळी तशीच हातात धरली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोर्ड वाटप होतं, म्हणून मी गेले. इरकल नेसले. दारात माझं बॅज जागेवरच छापून दिलं. कोरं करकरीत, देवाधर्माचा स्पर्श न झालेलं. मोबाइलने एका फटक्यात टुक केलं. पुढे समोसे वगैरे सांगून झालंच आहे.

मग नावं पुकारायला लागले. एकेक दुकानदार जायचा, बोर्ड घ्यायचा, फोटो. आमच्या गल्लीतलं, समोरच्या दुकानाचं नावही आलं. तिथले मालक, भाईसाब, चकचकीत कोट घालून तासाभरापूर्वीच पोहोचले होते. दोन दिवस त्यांचं बॅज गळ्यात घालून बसला होता त्यांचा मेहुणा, आणि तोही, ह्यांच्या शेजारीच, निम्मा वेळ घोरत. पण बॅज दारातून गेलं होतं ना. सहापैकी सहा. आमचं नाव आलंच नाही. ह्यांनी शर्टाची कॉलर आधीच नीट केली होती. यादी संपली, तरी हात कॉलरवरच.

चौकशीच्या टेबलावर कोटातली एक बाई होती, दिल्लीकडची असावी. तिने बॅज आपल्या मोबाइलने तपासलं, लागेना. मग नंबर टाइप केला आणि पडद्याकडे बघत म्हणाली,

"सर, आप तो आए ही नहीं हैं."

समोर उभ्या असलेल्या माणसाला. हातभर अंतरावर.

हे गडबडले. तिने विचारलं, पहिल्यांदा कधी आलात? ह्यांनी आपल्या इथल्या सवयीने उत्तर दिलं, "परसों से आ रहा ना मैं, मॅडम." आता हैदराबादेत कालच्या मागचं सगळं परसों. माझं लग्न परसों, निजाम होते तेही परसों. पण त्या बाईचा परसों खरोखरचा परवा होता, आणि प्रदर्शन सुरू झालं होतं काल. तिने ह्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू चोर आपण होऊन पोलिसात आला.

मग तिने पाकिटातून कार्ड ओढून काढलं. चौकोनाचा एक कोपरा लाल चिखलासारखा झालेला, कुंकू कागदात मुरलेलं. ती शेजाऱ्याला इंग्रजीत म्हणाली, कोडशी टॅम्परिंग झालंय.

तेवढं इंग्रजी मला येतं. टॅम्परिंग मीटरशी करतात, मतपेटीशी करतात. माझ्या हळदीकुंकवाला टॅम्परिंग! माझ्या डोक्यात जे भडकलं, ते मी इथे सगळं लिहीत नाही, कारण त्यात तेलुगू, उर्दू आणि सासूबाईंची मराठी अशी सरमिसळ होती. मी म्हटलं, दोन दिवस तुमच्या माणसांनी प्रत्येक दारात नेट नाही म्हणून सोडलं. एकाने तरी सांगायचं होतं की कार्ड चालत नाही. एकाने तरी कार्डाकडे नाही, तर वर, माणसाच्या तोंडाकडे बघायचं होतं. आजूबाजूचे तीन-चार दुकानदार पुढे आले, हौ मॅडम, हे होते, ब्रेक ह्यांनीच बसवला, म्हणाले. ज्याने टाळ्या वाजवायला लावल्या, तो शिकवणारा तोवर विमानतळावर पोहोचला होता. बाई म्हणाली, सिस्टिममध्ये नाही.

शेवटी मी ह्यांच्या दंडाला धरून पुढे ओढलं आणि विचारलं, "ये आदमी आपको दिख रहा है या नहीं, इतना बोलो."

तिने पाहिलंही. खरंच नीट पाहिलं. आणि म्हणाली, "मॅडम, दिखने से नहीं होता."

मी तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

मेट्रोत शेजारी बसलो. मी कबूल केलं, की चूक माझी, माझ्या कुंकवाची. मला वाटलं, आता तरी हे मला बोलतील. ह्यांनी पिशवीतली वही काढली. मग म्हणाले, "चांगल्यासाठीच लावलंस." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. चिडावं ना माणसाने! त्या बाईवर, माझ्यावर, निदान समोर उभं राहून मोठ्याने फोनवर बोलणाऱ्यावर तरी. ह्यांनी वही उघडली आणि ब्रेकची आकृती नीट गिरवायला घेतली.

तीन दिवसांनी दोन मेल आले. लेकीने वाचून दाखवले. माझा होता आभाराचा, सोबत ते प्रमाणपत्र, जे पुढे लेकीने जाड कागदावर छापून आणलं: या क्षेत्रातल्या माझ्या मोलाच्या सहभागाबद्दल. ह्यांचा वाचताना ती मध्येच थांबली. "आई, नको, जाऊ दे ना." मी म्हटलं, वाच. तिने मराठी करून सांगितलं: तुमची उणीव भासली. आपण येऊ शकला नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं. न येण्याचं कारण कृपया कळवा. खाली चार कारणं होती, वेळ नव्हता, अंतर फार, विषयात रस नाही, इतर.

विषयात रस नाही! ज्या माणसाच्या खिशात लग्नाला पाना असतो त्याला!

मी तिला म्हटलं, ‘इतर’ला हात लाव आणि लिही: कुंकू.

"मराठीत कोण वाचणार आई?"

"इंग्रजीत तरी कोण वाचतंय? लिही तू."

मिनिटभरात उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. कंपनीला आम्ही दोन पत्रंही पाठवली. तिथूनही उत्तर आलं, की हजेरीची नोंद अंतिम असते.

बोर्ड समोरच्या दुकानावर लागला, रात्री उजळतो. ते भाईसाब माणूस वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाले, "भाई, मेरेकू क्या करना ये बोर्ड, तुमीच ले लेओ." पण त्यावर नाव त्यांच्या दुकानाचं, घेऊन काय करायचं? आणि त्यांना पाना कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही. मग सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. कंपनीची खुर्ची त्यांच्या दारात जाते, ते कागदावर शिक्का मारतात आणि खुर्ची गल्ली ओलांडून आमच्याकडे येते. दुरुस्त करायची ह्यांनी, कागदावर ‘अधिकृत तंत्रज्ञ’ म्हणून सही त्या घोरणाऱ्या मेहुण्याची.

एकदा मी दारातच आडवी उभी राहिले. खुर्ची ढकलत आणणाऱ्या भाईसाबांना म्हटलं, तुमच्या बोर्डाला सांगा दुरुस्त करायला, आमच्याकडून तर प्रदर्शनाला कुणी आलेलंच नव्हतं. पण त्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली होती. पुढचं चाक अडकलेलं, उन्हाने चेहरा तापलेला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या चाकवाल्याच्या घरच्या? बरं झालं." मागून ह्यांनी स्टूल सरकवलं होतं आणि पाना काढलाही होता. मी बाजूला झाले. नुसती झाले नाही, म्हातारीला पाणी दिलं आणि टॉर्चही धरला, कारण ह्यांना आता जवळचं नीट दिसत नाही. चाक सुटेपर्यंत मी धुमसत होते, आणि टॉर्च हलवू नकोस म्हणून वर बोलणीही खाल्ली. भिंतीवरचे ते दोन स्क्रू तसेच आहेत. ह्यांनी त्यांवर कुबड्या अडकवल्या आहेत.

गेल्या आठवड्यात यंदाचं आमंत्रण आलं. गेल्या वर्षी जे येऊ शकले नाहीत, त्यांना आणखी एक संधी. या वेळी कार्ड नाही, कुरिअर नाही. तो चौकोन थेट मोबाइलच्या पडद्यावर. लेकीने लगेच फॉर्म भरून दिला आणि मला म्हणाली, "आता सेफ आहे आई. तुला लावताच येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे होते. हे आंघोळ करून आले, मोबाइलवर चौकोन उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"लाव."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, मोबाइलला?

"लाव म्हणतो ना. चांगलं बोट भरून लाव. मला जायचंच नाही तिथे."

आवाज बारीक होता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर्षभराने का होईना, माणूस चिडला होता. मी करंडा उघडला आणि चारही कोपऱ्यांना लावलं.