गॅरेजातला गारठा

बेळगावच्या माणसाला आपल्या थंडीचा भारी अभिमान. कोकणातनं पाहुणा आला की, "आमच्याकडं स्वेटर लागतो हं," असं त्याला आधीच फोनवर बजावायचं. आणि तो नुसत्या शर्टावर फिरायला निघाला की मनातून खट्टू व्हायचं. आमचे हे त्यातलेच. दिवाळी झाली की डोक्यावर माकडटोपी चढते ती शिवरात्रीला उतरते. त्यामुळं आमच्या गॅरेजात थंडी वाजते अशी तक्रार आली तेव्हा ह्यांना वाईट वाटण्याऐवजी थोडं बरंच वाटलं, अशी मला आजही शंका आहे.

तक्रार आप्पांची होती. आप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात त्यांनी बेळगावातल्याच शहापुरात हातमागावर साड्या विणल्या. गल्लीतलं अरुंद घर सोडून आम्ही काकतीच्या वाटेवरच्या नव्या वसाहतीत घर बांधलं, तेव्हा ते यायलाच तयार नव्हते. शेवटी एका अटीवर आले. माग बरोबर येईल, आणि आप्पा स्वतःच्या तोंडानं 'बास' म्हणेपर्यंत तो कुणी हलवायचा नाही. मागाला पुरेल अशी जागा घरात एकच होती. माग गॅरेजात गेला आणि नवी कोरी गाडी ताडपत्री पांघरून रस्त्यावर उभी राहिली.

हातमागाला विणकराचे पाय सोडायला खड्डा लागतो. तो खणताना गवंड्यानं विचारलं, "सायेब, गाडी खालनं रिपेर करनार व्हय?" ह्यांनी बिनदिक्कत 'हो' म्हणून टाकलं. वसाहतीत अजूनही कित्येकांची समजूत आहे की आमच्याकडं गाड्या दुरुस्त होतात. एकदा एक गृहस्थ स्कूटर ढकलत आले होते. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि साडी दाखवली.

मागावर धागा तुटणं हे रोजचंच. दोन्ही टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, की सांधला. आप्पा हे बोलता बोलता करत, बघायचेही नाहीत. पण त्या हिवाळ्यात एकेका धाग्याला त्यांना पाव पाव तास लागायला लागला. टोक सापडायचं नाही, सापडलं तर निसटायचं.

"बोटं आखडत्यात गं," ते मला म्हणाले. "ह्या पत्र्याखाली लई गारठा हाय. शहापुरात असं नव्हतं."

शहापूरचं नाव निघालं आणि ह्यांच्या वर्मावर बोट पडलं, कारण नव्या घराचा नकाशा ह्यांचा. गॅरेज गरम करायचं, आणि तेही स्वस्तात करायचं, असा त्याच क्षणी निश्चय झाला. आमच्या घरात एखादी गोष्ट 'स्वस्तात' करायची ठरली की मला धडकी भरते.

प्रथम अभ्यास. हे आठवडाभर मोबाइलवर परदेशी लोकांचे गॅरेज तापवायचे व्हिडिओ बघत बसले. त्या लोकांच्या दारात गुडघाभर बर्फ, आमच्या दारात कढीपत्त्याचं झाड. पण ज्ञानाला सीमा नसते असं ह्यांचं म्हणणं. (सीमाभागात राहून हे वाक्य एवढ्या सहज फक्त हेच बोलू शकतात.) त्या ज्ञानानुसार शटरला आणि भिंतींना आतून थर्माकोल चिकटला. चार दिवसांत उंदरांनी तो कुरतडला आणि त्याचे पांढरे दाणे सुतावर जाऊन बसले. एक साडी तर तशीच विणून झाली. जांभळ्या अंगावर पांढरे ठिपके. आप्पांनी ती ह्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "नवीन डिझाईन केलंस बग."

मग विजेचा हीटर आला. लाल सळया, मागं चकचकीत पत्रा. तो लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंद व्हायचा आणि मिक्सर लावला की सगळंच जायचं. महिन्यानं बिल आलं. बिल कन्नडमधून येतं आणि एरवी ह्यांना ते वाचायला शेजाऱ्यांकडं न्यावं लागतं. या खेपेला उभ्या उभ्या कळलं. हीटर माळ्यावर गेला.

तिसरी चूक माझी, ती मी कबूल करते. मी निपाणीकडची. बोरगावजवळ माझ्या भावाचं शेत आहे. तंबाखूचा पाला काढल्यावर शेतात वाळकी खोडं उरतात, ती आमच्याकडं चुलीत जाळतात. फुकटचं जळण म्हणून मी मोठ्या तोऱ्यात पोतंभर मागवलं. माहेरी चूल परसात उघड्यावर होती, एवढीच बारीकशी गोष्ट मी विसरले. शेगडी पेटली आणि दहा मिनिटांत आम्ही तिघं ठसकत अंगणात. शेजारच्या निवृत्त साहेबांनी सोळा वर्षांपूर्वी सोडलेली तंबाखू त्या दिवशी पुन्हा धरली, असं त्यांची बायको अजून ऐकवते. विणायला घेतलेल्या साडीला तो वास महिनाभर सोडेना. शेवटी ती मीच घेतली. शाळेत नेसून गेले, तर हजेरी घेताना पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावून बसल्या.

अखेर उपाय सापडला तो जुन्या घरातनं आणलेल्या तांब्याच्या बंबात. ह्यांनी तो अंघोळीच्या मोरीतून उचलून गॅरेजच्या भिंतीबाहेर मांडला आणि त्याच्या धुराड्याला पत्र्याचा पाइप जोडून तो गॅरेजातून आडवा नेऊन छपरावर काढला. धूर बाहेर, ऊब आत. जळण म्हणजे करवंट्या आणि पालापाचोळा. खरं सांगते, मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. घरात माणसं तीन आणि कढत पाणी वऱ्हाडाला पुरेल एवढं, ही अडचण होती. पण हे दिवसातनं दोनदा अंघोळ करू लागले आणि शेजारी बादल्या घेऊन यायला लागले, त्यामुळं तीही सुटली.

गॅरेजात आता घाम यायचा. ह्यांनी भिंतीला तापमापक टांगला होता. त्यातला आकडा मोठ्यानं वाचून हे म्हणाले, "आप्पा, सव्वीस! आता कुठं हाय थंडी?"

आप्पा खाली मान घालून धाग्याचं टोक शोधत होते. "तुज्या त्या काट्याला बोटं हायत काय?" ते म्हणाले.

एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन आत गेले. आप्पा फळीवरची सुताची कांडी काढायला उठले होते आणि आधाराला त्यांनी एक हात पाइपवर टेकला होता. नुसता लागला नव्हता, चांगला टेकला होता. मी किंचाळले, "आप्पा, हात!"

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग हाताकडं. आणि सावकाश तो उचलत म्हणाले, "तापलंय व्हय गं?"

बोटांची कातडी लाल होऊन वर आली होती. मी त्यांचा हात बादलीतल्या गार पाण्यात धरून ठेवला.

"कवापासनं असं?" मी विचारलं.

"गणपतीपासनं."

गणपतीत कुठली आलीय थंडी! तेव्हा तर आम्ही पंखे लावून झोपत होतो. दोन महिने आम्ही ज्याच्याशी लढत होतो ते गॅरेजात नव्हतंच.

"त्याला सांगू नगं," आप्पा म्हणाले. "तो चांगलाच हाय. 'आप्पा, ऱ्हाऊ दे आता' म्हनंल. मग मला बी बास म्हनाय लागंल. आनि बास म्हटल्यावर मी दिवसभर करू काय, सांग."

मी बादलीतलं पाणी बदललं.

हाताला मलम हवं या निमित्तानं मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. अंगातल्या साखरेनं बोटांची जाण गेली आहे, औषध चालू करू, पण गेलेली जाण परत येईल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साडी पेटेल अशी भीती घालून मी ह्यांच्याकडून पाइपला जाळी बसवून घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला जायच्या आधी तासभर मी मागापाशी बसायला लागले. पाय आप्पांचे, आडवा धागा नेणारा धोटा आप्पांचा, नजर आप्पांची. धागा तुटला की ते सांगत, "काठापासनं चार बोटं आत बग," आणि मी सांधत असे. माझं सांधणं भयंकर होतं. "मास्तरीन न्हवं तू? ही गाठ हाय का शेंगदाना?" असं ते भर सकाळी ऐकवायचे. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, त्याची पुरेपूर फेड झाली.

होळी झाली, पाडवा झाला. वसाहतीतले लोक गच्चीवर झोपायला लागले. गॅरेजचा पत्रा दहा वाजताच कडकड वाजायचा. तरी आप्पा रोज म्हणायचे, "अजून गारठा हाय," आणि मी मुकाट्यानं बंब पेटवायची. हे काहीच कसं विचारत नाहीत, याचं मला नवल वाटत होतं.

एका रविवारी भर दुपारी हे अचानक दारात उभे राहिले. मी मागावर वाकलेली, चिमटीत धागा, आणि आप्पा बोटानं जागा दाखवतायत. काय सांगावं याची मी जुळवाजुळव करत राहिले. ह्यांनी आप्पांच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं. कपाळावरून घाम गळत होता तो पुसलाही नाही.

"काय रं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"काय न्हाय आप्पा," हे म्हणाले. "बंबात जळण घालू काय, इचारायला आलतो. आज जरा जास्तच गार हाय."

आणि हे त्या रणरणत्या उन्हात, अनवाणी, बंबाकडं गेले.